रतन साळगावकरची कमाई

गेल्या महिन्यात कणकवलीहून एका भगिनीचे पत्र आले. या स्तंभाला पत्रे नेहमीच येतात. पण हे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तरीही उत्तर लिहावयास बसले नाही. पत्राचा आशय थोडक्यात असा :

“आदरणीय काकू, सादर जय जिनेंद्र. माझी मुलगी १९ वर्षांची आहे, कुडाळला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकते. दिवाळीच्या आधी आमच्या नात्यातल्यांच्या साड्यांच्या दुकानासाठी तारकर्लीच्या किनाऱ्यावर तिची छायाचित्रे काढली. ती दुकानाच्या फलकावर लागली. ती पाहून आता मुंबईहून एका मालिकेत काम करण्याविषयी विचारणा झाली आहे. तिचे वडील म्हणतात, आपल्या घरात हे चालायचे नाही. सासूबाईंनी अबोला धरला आहे. मुलगी रात्री माझ्याजवळ येऊन म्हणते, ‘आई, तू तरी काही बोल.’ काकू, मी काय बोलू?”

वाचकहो, अशा पत्राला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देणे सोपे असते. ‘नाही’ म्हटले की घरातली वडीलधारी मंडळी संतुष्ट होतात; ‘हो’ म्हटले की आपण काळाबरोबर चालतो असे आपल्यालाच वाटू लागते. परंतु दोन्ही उत्तरांत त्या मुलीचा विचार फारसा नसतो. म्हणून मी थांबले. आणि थांबले असताना मला आपल्याच मुलखातल्या एका बाईची आठवण झाली. तिचे नाव रतन भालचंद्र साळगावकर. या नावाने तिला कोणी ओळखत नाही. महाराष्ट्र तिला हंसा वाडकर म्हणून ओळखतो.

साळगाव हे गाव आपल्या कुडाळ तालुक्यातले. साळगावकर हे आडनाव कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यात घरोघरी आढळते. हंसाबाईंचे घराणे सावंतवाडीकडचे. त्यांचा जन्म २४ जानेवारी १९२३ रोजी मुंबईत झाला. घराणे कलावंतांचे होते. गाणेबजावणे पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. पणजी तर गाण्यासाठी नावाजलेली. अशा घराण्यांना त्या काळी समाज दोन तोंडांनी बोलावीत असे. रात्री गाणे ऐकावयास बोलवावे आणि सकाळी ओटीवर बसू देऊ नये, अशी ती रीत. गोमंतकात व सावंतवाडी संस्थानात अशी कितीतरी कुटुंबे होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत त्यांतील जाणत्या माणसांनी उठून मुलींची लग्ने लावावयाची, मुलांना शाळेत घालावयाचे असे ठरविले. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदाही झाला. म्हणजे जुने ओझे खाली ठेवून सामान्य संसाराची वाट धरण्याचा तो काळ होता. रतनचे बालपण या संधिकाळात गेले.

घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली तेव्हा कमावणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. बोलपट नुकताच सुरू झाला होता आणि त्यात गाणाऱ्या, देखण्या मुलींना मागणी होती. शिक्षण अर्ध्यावर सुटले आणि १९३६ साली ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटातून ही १३ वर्षांची मुलगी पडद्यावर आली. रतनची हंसा झाली; साळगावकर हे आडनाव मागे राहून वाडकर हे कुळातलेच दुसरे नाव पुढे आले. मुलीच्या मिळकतीवर घर चालावे, पण घराचे नाव तिच्या मिळकतीला लागू नये, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पैसा घरात येऊ शकतो. नाव मात्र बाहेर जाऊ नये.

इथे आपल्या मुलखातील एका गोष्टीचे स्मरण देते. मालवणात राहावयाचे आणि दशावतार पाहावयाचा नाही, असे होत नाही. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळापुढच्या मंडपात पायपेटी, पखवाज आणि झांजा वाजू लागतात, संकासुर येतो आणि रात्र सरते. त्या मंचावर द्रौपदी, सीता, तारामती या साऱ्या पुरुषच रंगवीत आले. लुगडे नेसलेला, शेतात राबणारा तो कलावंत पहाटे तारामतीचे दुःख असे सांगतो की म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावतात. सकाळी तोच मनुष्य बाजारात भेटला तर लोक त्याला मान देतात, ‘काल बरां काम केलंस’ म्हणतात. सोंग करणाऱ्या पुरुषाला आपण सोंगापासून वेगळे ओळखतो. स्त्रीने सोंग घेतले की मात्र तिचे सोंग आणि तिचे शील आपण एकाच गाठोड्यात बांधतो. हंसाबाईंच्या सबंध आयुष्यावर ही गाठ बसलेली दिसते.

त्यांच्या कामाचा आलेख पाहिला तर कोणासही हेवा वाटावा. लहान कंपन्यांतून काम करीत करीत त्या बॉम्बे टॉकीजसारख्या नामवंत संस्थेत पोहोचल्या. १९३९ सालच्या ‘नवजीवन’ या हिंदी चित्रपटाच्या त्या नायिका होत्या. तेव्हा वय अवघे १६. पुढे पुण्याच्या ‘प्रभात’ने १९४१ साली ‘संत सखू’ काढला. दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांच्या दिग्दर्शनाखाली हंसाबाई सखू झाल्या. कऱ्हाडची ही सासुरवाशीण, सासूच्या छळाने गांजलेली. पंढरीच्या ओढीने ती घर सोडते आणि तिच्या जागी स्वतः विठ्ठल सून होऊन घरात राबतो, अशी ती कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांना ती सखू पुढे विसरता आली नाही. पडद्यावरच्या सखूला विठ्ठल मिळाला. चित्रीकरण संपवून घरी जाणाऱ्या हंसाबाईंच्या जागी राबावयास कोणी आले नाही.

१९४४ साली ‘रामशास्त्री’त त्या दिसल्या. १९४७ साली आला राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’. जयराम शिलेदार रामजोशी झाले, हंसाबाई बया झाल्या. कथा ग. दि. माडगूळकरांची, दिग्दर्शनाला बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम, संगीत वसंत देसाई यांचे. या वसंत देसाईंचा जन्म सोनवड्याचा आणि बालपण कुडाळचे, हे आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. सावंतवाडी संस्थानातल्या मातीचे दोन कलावंत मुंबईत एकत्र येऊन सोलापूरकडच्या शाहिराची कथा सांगतात आणि सारा महाराष्ट्र ती डोक्यावर घेतो, ही लहान गोष्ट नव्हे. त्या चित्रपटापासून मराठीत तमाशापटांची लाट आली. पाठोपाठ १९४९ साली त्याच बाईंनी ‘संत जनाबाई’ही केली. १९५० साली ‘पुढचं पाऊल’मध्ये पु. ल. देशपांडे यांच्यासमवेत त्या उभ्या राहिल्या. संत आणि तमासगिरीण या दोन्ही भूमिका एकाच स्त्रीने तितक्याच खरेपणाने केल्या आणि प्रेक्षकांनी दोन्ही मानल्या.

१९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. अडीच वर्षे एकच चित्रपट, एकच चित्रपटगृह! आजच्या मुलांना हे सांगितले तर त्यांचा विश्वास बसत नाही.

आता दुसरी बाजू. हंसाबाईंचे लग्न अगदी कोवळ्या वयात जगन्नाथ बंदरकर यांच्याशी झाले. ते वयाने पुष्कळ मोठे होते आणि घराशी त्यांची जुनी ओळख होती. लग्न झाले म्हणजे आता चित्रपटाला रामराम ठोकावा, घर सांभाळावे, चार बायकांसारखे सणवार करावेत, असे त्या मुलीच्या मनात होते. तिने ते पुढे स्पष्ट सांगितले आहे. परंतु तसे घडले नाही. काम चालूच राहिले. कोणता चित्रपट घ्यावा, किती पैशांना घ्यावा, हे पती ठरवीत; काम मात्र ती करी. मातृत्वाची ओढ होती, तेथेही फार सोसावे लागले. एक कन्या झाली, पण तिच्याजवळ राहावयाचे तेव्हा आईला स्टुडिओत उभे राहावे लागे. लहानपणी माहेरसाठी कमाई, लग्नानंतर सासरसाठी कमाई. ज्या हातांनी ती कमाई केली त्या हातांत काय उरले, हे कोणी विचारले नाही.

माणसाला घरात घर मिळाले नाही की ते बाहेर शोधू लागते. हंसाबाईंनीही शोधले, आणि दर वेळी अधिकच फसल्या. एकदा त्या सर्व सोडून मराठवाड्यातील एका खेड्यात एका श्रीमंत गृहस्थाच्या घरी गेल्या; तेथे आधीच संसार मांडलेला होता. ज्या गृहिणीपदाची आयुष्यभर आस होती ते मिळाले, पण उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीक गेली. पडद्यावर जिला हजारो लोक पाहत, ती बाई तेथे वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नव्हती. अखेर सुटका झाली ती ज्या पतीला सोडून गेल्या त्याच्याच मदतीने, म्हणजे पुन्हा जुन्याच घरात. मद्याची सवय लागली होती ती सुटली नाही. त्यात प्रकृती गेली, कामे गेली.

हे सारे मला कसे ठाऊक, असे कोणी विचारील. ही ऐकीव कुचाळकी नव्हे. हंसाबाईंनी हे स्वतः सांगितले. तरुण पत्रकार अरुण साधू यांच्यापाशी त्या बोलत गेल्या आणि त्यांनी ते लिहून घेतले. आधी ‘माणूस’ साप्ताहिकातून आणि मग १९७० साली राजहंस प्रकाशनाच्या पुस्तकरूपाने ते मराठी घरांत गेले. नाव तेच, ‘सांगत्ये ऐका’. त्या काळी नट-नट्यांची आत्मचरित्रे म्हणजे मानपत्रांची यादी असे. या बाईंनी मात्र कोणाला दोष देत बसण्याऐवजी स्वतःच्या चुकाही त्याच स्वरात सांगितल्या. पुस्तक निघाले आणि पुढच्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी त्या गेल्या. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्या पुस्तकावरून ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. स्मिता पाटील या तरुण अभिनेत्रीला त्यातील कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाईंना तो पाहावयास मिळाला नाही.

माझ्या हाती हे पुस्तक लग्नानंतर काही वर्षांनी आले. शाळेच्या ग्रंथालयात ते कपाटाच्या मागच्या रांगेत होते. मी शिक्षिका होते. ते मी मधल्या सुटीत वाचले, घरी नेले नाही. वाचून झाल्यावर मनात पहिला विचार आला तो मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. या स्तंभात आज लिहिते. मी २८ वर्षे शिकविले. पगाराच्या दिवशी पाकीट आणून सासऱ्यांच्या हाती द्यावयाचे, ही रीत होती. पुढे पगार बँकेत जमा होऊ लागला तेव्हा खात्याचे पुस्तक त्यांच्या कपाटात राहिले. मी सह्या करीत असे. कोणी माझा छळ केला नाही. घर प्रेमळ होते, मागितले ते मिळत होते. परंतु मागावे लागत होते. धाकट्या भावाच्या आजारपणात माहेरी थोडे पैसे पाठवावेत असे मनात आले, आणि मागण्याचा धीर झाला नाही. भाऊ बरा झाला, म्हणून ती गोष्ट माझ्यापुरती लहान राहिली. पण हंसा वाडकरांचे पुस्तक मिटताना मला वाटले, या नटीचे आणि माझ्यासारख्या मास्तरणीचे दुखणे एकाच जातीचे आहे. तिचे मोठ्या पडद्यावर झाले, माझे कपाटात झाले.

म्हणून जेव्हा कोणी म्हणते, ‘त्या धंद्यात गेली म्हणून तिचे वाटोळे झाले’, तेव्हा मला ते पूर्ण खरे वाटत नाही. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या दोन स्त्रिया पाहा.

दुर्गा खोटे वयाने हंसाबाईंपेक्षा मोठ्या, सुखवस्तू व सुशिक्षित घरातल्या. त्यांनी १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती केली तेव्हा कुलीन घरच्या सुनेने असे करावे का म्हणून कमी बोलणी ऐकली नाहीत. ऐन तारुण्यात वैधव्य आले, दोन मुलगे पदरी होते. चित्रपटाच्या मिळकतीवर त्यांनी मुले वाढविली. वय झाल्यावर त्यांनी स्वतःची निर्मितिसंस्था उभी केली. त्या संस्थेने जाहिरातपट काढले, दूरदर्शनसाठी मालिका काढल्या. म्हणजे जाहिरातीच्या ज्या क्षेत्राला आपण आज घाबरतो, त्या क्षेत्रात एक मराठी स्त्री मालक म्हणून उभी होती. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

दुसऱ्या जयश्री गडकर. कारवारजवळच्या कणसगिरीच्या. ‘सांगत्ये ऐका’मध्ये हंसाबाई आणि जयश्रीबाई दोघी होत्या आणि जयश्रीबाईंचे भाग्य त्याच चित्रपटाने उघडले. तोच तमाशापट, तेच घुंगरू, तेच प्रेक्षक. पण जयश्रीबाईंनी पुढे कित्येक वर्षे मानाने काम केले, सहकलावंत बाळ धुरी यांच्याशी विवाह करून संसार केला आणि दूरदर्शनवरच्या ‘रामायण’ मालिकेत बाळ धुरी दशरथ व जयश्रीबाई कौसल्या होऊन घरोघरी पोहोचली. आपल्यापैकी कित्येकांच्या आजीने त्या कौसल्येला पडद्यावर नमस्कार केला असेल. तिने एके काळी लावणी केली होती, हे नमस्कार करताना कोणाला आठवले नाही.

तेव्हा दोष एकट्या पडद्याचा म्हणता येत नाही. १३ वर्षांच्या मुलीला कमावण्यासाठी उभे केले, तिची इच्छा कोणी विचारली नाही, तिच्या करारावर दुसऱ्याने निर्णय घेतले, तिची कमाई तिच्या हाती आली नाही, आणि थकल्यावर परतावे असे घर तिला मिळाले नाही. या पाच गोष्टी एकत्र आल्या. त्या कोणत्याही व्यवसायात एकत्र आल्या तरी परिणाम तोच होईल. फक्त तो वर्तमानपत्रात छापून येणार नाही.

कायद्याने पुढे काही शहाणपण शिकविले आहे, तेही सांगते. १४ वर्षांखालील बालकलावंतांसाठी केंद्र शासनाचे २०१७ चे नियम आहेत. मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, विश्रांतीवाचून सलग ३ तासांपेक्षा अधिक नाही. आणि मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्या मुलाच्याच नावे मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते. रतन साळगावकरच्या काळी हा नियम असता तर? तिच्या नावावर काही तरी राहिले असते. आणि नावावर काही असलेली बाई दार उघडून बाहेर पडताना इतकी कोणाच्या आधाराने पडत नाही.

कणकवलीच्या भगिनीला मी अखेर पत्र लिहिले. त्यात ‘पाठवा’ असे लिहिले नाही, ‘पाठवू नका’ असेही लिहिले नाही. काही प्रश्न लिहिले, आणि ते चौघांनी, म्हणजे आजी, वडील, आई आणि मुलगी यांनी एकत्र बसून सोडवावेत अशी विनंती केली.

पहिला प्रश्न : हे तिला स्वतःला हवे आहे की फलकावरचा फोटो पाहून आपल्याच नातेवाइकांनी तिच्या डोक्यात भरविले आहे? दुसरा : पदवी पुरी करण्याची व्यवस्था काय? तिसरा : करारनामा कोण वाचणार? ती १९ वर्षांची आहे, सही तिचीच होईल. तेव्हा वाचावयासही तीच हवी, आणि शेजारी एखादा जाणता वकील हवा. ‘आधी नोंदणीचे पैसे भरा, फोटोंचे पैसे भरा, मग काम’ असे कोणी म्हणत असेल तर तेथेच नमस्कार करून परतावे. खरा निर्माता काम देताना पैसे मागत नाही. चौथा : मालिकांच्या व्यवसायात मानधन पुष्कळदा ९० दिवसांनी हाती येते; तोवर मुंबईत ती कोणाकडे राहणार, कशावर राहणार? पाचवा : कामाच्या जागी काही अनुचित घडले तर तक्रार कोठे करावयाची, हे तिला ठाऊक आहे काय? २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्या समितीत कोण आहे हे पहिल्या दिवशी विचारण्यात संकोच कसला? आणि सहावा, सर्वांत महत्त्वाचा : पैसे कोणाच्या खात्यात जाणार?

या सहाव्या प्रश्नाचे श्रेय माझे नव्हे. आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींना मी हे पत्र वाचून दाखविले होते. वय ८० च्या पुढे, शाळा जेमतेम पाहिलेली. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “चेडवाक मुंबयेक धाडतस तर धाड गो, पण पैसो कोणाच्या हातात जातलो, ता आधी इचार.” एवढे बोलून त्या कोकमे वाळत घालण्याच्या कामाला लागल्या. तीन दिवस मला जे सुचत नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

गेल्या आठवड्यात ते कुटुंब देवदर्शनाच्या निमित्ताने मालवणला आले, तेव्हा घरी आले. आजी होत्या, वडील होते. मुलगी शांत, नीटस, बोलण्यात धीट. मी तिला विचारले, “तुला हे का करावेसे वाटते?” मला वाटले, ती नाव, प्रसिद्धी असे काही सांगेल. ती म्हणाली, “काकू, किनाऱ्यावर तो छायाचित्रकार ‘आता हसू नकोस, कोणाची तरी वाट पाहतेस असे समज’ म्हणाला. मी समजले, आणि मला खरोखरच वाट पाहिल्यासारखे वाटले. ते मला पुन्हा करून पाहायचे आहे.” मी गप्प राहिले. दशावतारातल्या तारामतीलाही याहून वेगळे काय वाटत असेल?

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “लोक काय म्हणतील, याची मला भीती नाही असे नाही. पण मी दुकानदार माणूस आहे. माझ्या दुकानात माझा मुलगा बसला तर त्याची मिळकत त्याची मानतो. मुलीची मानणार नाही, असे म्हणण्याला मला तोंड नाही.” ठरले ते असे : मुलीने आधी हे वर्ष पुरे करावे, परीक्षा द्यावी, नंतर सहा महिने मुंबईत बोरिवलीला मावशीकडे राहून काम करून पाहावे, करार वकिलाला दाखवावा, खाते तिच्या एकटीच्या नावे असावे, आणि मन रमले नाही तर परत यावे, तेव्हा ‘आम्ही सांगत होतो’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये.

शेवटची अट आजींची होती. अबोला धरलेल्या त्याच आजींची. मला तिचे फार नवल वाटले. त्या म्हणाल्या, “जायचे तर जाऊ दे. पण येताना दार उघडे दिसले पाहिजे.” हंसा वाडकरांचे नाव त्यांनी ऐकले होते, लहानपणी वडिलांबरोबर ‘संत सखू’ पाहिल्याचे आठवत होते. ती सखू म्हणजे पुढे असे आयुष्य काढलेली बाई, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी थोडेसे सांगितले. त्या म्हणाल्या, “तिच्या आजीने दार उघडे ठेवले नसेल.” नसेलही. किंवा त्या घरात आजीच्या हाती दारही नसेल.

मुलीची मालिका होईल की न होईल, हे मी जाणत नाही. ते काम तिला मिळेलच असेही नाही. त्या क्षेत्रात शंभरांतून एकीला संधी मिळते आणि मिळालेली टिकतेच असे नाही. हे तिलाही सांगितले. परंतु तिचे घर एकत्र बसून बोलले, हे तर झाले. आपल्यापैकी ज्यांच्या घरात मुलगी नोकरी करते, शिकवणी घेते, शिवणकाम करते, पापड लाटून विकते, त्यांनीही हा सहावा प्रश्न आज रात्री जेवताना विचारून पाहावा. उत्तर लाजिरवाणे निघाले तर घाबरू नये. माझेही तसेच निघाले होते.

निवृत्तीनंतर मी येथल्या बँकेत माझ्या एकटीच्या नावाचे खाते उघडले. सासरे तेव्हा हयात होते. पुस्तक घेऊन घरी आले आणि भीत भीत त्यांना दाखविले. त्यांनी चष्मा लावून नाव वाचले, पुस्तक माझ्या हाती परत दिले आणि म्हणाले, “हे तुझ्याजवळच ठेव.” हे मी आधी मागितले असते तर त्यांनी कदाचित आधीही दिले असते. मी मागितले नाही, त्यांनी विचारले नाही. २८ वर्षे अशी गेली.